पियानोवरील डावा हात

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गायकवर्ग व पालक यांच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. धर्मग्रामाचा इतिहास, देवळाची बांधणी, शाळेची वाढ या विषयांवर बोलण्यास आमच्याहून अधिकारी मंडळी येथें बसलेली आहेत. आमचें आयुष्य पेटीच्या आणि पियानोच्या बाकावर गेलें. तेव्हां त्या बाकावरून जेवढें दिसलें तेवढेंच सांगावें, हें आम्हांस शोभेल. म्हणून आज आम्हीं एक अगदीं लहान प्रश्न बोलण्यास घेतला आहे. उजवा हात गाण्याची चाल वाजवीत असतां डाव्या हातानें काय करावें?

प्रश्न लहान आहे खरा. परंतु देवळांत लोकांनीं गावें कीं नुसतें ऐकत बसावें, याचा निकाल पुष्कळदां या लहान प्रश्नावर लागतो, असें आम्हांस दिसून आलें आहे. तें कसें, हें पुढें ओघानें येईलच.

आपल्याकडे डाव्या हातास मान थोडा. घांस घ्यावयाचा तो उजव्यानें, कोणास कांहीं द्यावयाचें तें उजव्यानें, क्रुसाची खूण करावयाची तीही उजव्यानेंच. परंतु घरांतील माउलीकडे पाहा. लेकरूं डाव्या कडेवर असतें आणि उजवा हात चुलीवरचें कालवण ढवळीत असतो. पाहणाऱ्याची दृष्टि उजव्या हाताकडे जाते. लेकरूं मात्र डाव्याच्या भरंवशावर झोंपीं जातें. तबलजीकडे पाहा. बोल खुलतात ते उजव्या हाताखालच्या तबल्यावर. पण ज्या घुमाऱ्यावर ते उभे राहतात तो डाव्या हाताखालच्या डग्ग्यांतून येतो. पियानोवरील डाव्या हाताचें काम या माउलीच्या आणि या डग्ग्याच्या जातीचें आहे. दानधर्म करतांना उजव्या हाताचें काम डाव्यास कळूं नये, ही प्रभूची शिकवण आपण जाणतों. पियानोच्या बाकावर मात्र नियम उलटा आहे. उजवा काय करीत आहे हें डाव्यास क्षणोक्षणीं कळलें पाहिजे. आणि कळूनही त्यानें मोठ्यानें बोलतां कामा नये.

आपल्या मुलांचा डावा हात मागें कां राहतो, याचें कारण त्यांच्या आळसांत नाहीं. तें आपल्या घरांतल्या पेटींत आहे. हार्मोनियम हें वाद्य मूळचें युरोपांतलें. पॅरिस येथील अलेक्झांडर दबॅं यांनीं १८४२ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्याचा भाता पायांनीं हलवावयाचा असे, म्हणून दोन्ही हात मोकळे राहत. पुढें त्याच शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्यास, जमिनीवर बसून वाजवितां येईल अशी हातपेटी तयार झाली आणि ती आपल्या देशास मानवली. पण तिच्या भात्यासाठीं डावा हात खर्चीं पडला. भजनांत यामुळें कांहीं अडलें नाहीं. कारण आपलें गाणें एका वेळीं एकाच स्वराच्या वाटेनें चालतें, आणि खालीं षड्जाचा आधार असला म्हणजे त्यास पुरतें. मराठी संगीत रंगभूमीवर पायपेटी आणि ऑर्गन आले तेव्हां डावा हात पुन्हां मोकळा झाला. तरी घरोघर राहिली ती हातपेटीच. अशा पेटीवर चार वर्षें हात बसलेला मुलगा पियानोपुढें आला म्हणजे त्याचा उजवा हात सराईतपणें चालतो आणि डावा मांडीवर पडून राहतो. त्यास दोष देऊं नये. ज्या हातास आजवर केवळ वारा घालावयास लावलें, त्यास आतां बोलावयास शिकवावयाचें आहे.

आतां आमच्या एका चुकीची हकीकत सांगतों. आम्ही ऐन तारुण्यांत होतों. दोन वर्षें खटपट करून डाव्या हाताचे पांच-सहा प्रकार आम्हीं हस्तगत केले होते, आणि ते सगळे लोकांस एकाच दिवशीं ऐकवावे अशी आम्हांस घाई झाली होती. सणाच्या मिस्साच्या वेळीं प्रवेशगीताच्या पहिल्याच कडव्यास आम्हीं पायपेटीचे सर्व सूर उघडून डाव्या हातानें धडाका लावला. दुसऱ्या कडव्यास मागच्या बाकांवरचा आवाज मंदावला. तिसऱ्यास तो थांबला. आम्हांस वाटलें, लोक तल्लीन होऊन ऐकत आहेत! मिस्सा संपल्यावर पडवींत एक वृद्ध आजी भेटल्या. आम्हांस समजूं लागल्यापासून देवळांतलें गाणें त्यांनींच उचलून धरलेलें आम्ही ऐकत आलों होतों. त्या म्हणाल्या, “छान वाजवलंस रे बाळा. पण तुझ्या पेटीपुढं आमचा सूर आम्हांलाच ऐकूं येईना. मग गप्प बसलों.” त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें. पुढच्या आगमनकाळांत त्या आजी अंथरुणास खिळल्या, आणि त्यांचा सूर देवळांत पुन्हां ऐकूं आला नाहीं.

त्या दिवसांत आमच्या धर्मगुरूंनीं आम्हांस पोप दहावे पायस यांच्या एका पत्रकाचा अर्थ समजावून दिला. संतीण सेसिलिया ही संगीताची आश्रयदाती. तिच्या सणाच्या दिवशीं, म्हणजे २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, तें पत्रक निघालें. गायन हें मुख्य, ऑर्गननें त्यास आधार द्यावा, त्यास दडपूं नये, असा त्यांतील आशय आहे. त्याच पत्रकानें देवळांत पियानो वाजविण्यास मनाई केली होती, हें आज पुष्कळांस ठाऊक नसेल. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयीं जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यानें नळ्यांच्या ऑर्गनास मानाचें स्थान ठेविलें. आणि इतर वाद्यें पवित्र कार्यास साजेशीं असतील व त्या प्रांताच्या धर्माधिकाऱ्यांची संमति असेल तर त्यांसही दार उघडलें. दार उघडलें, पण जुना नियम पुसला गेला नाहीं. गाणें धनी आणि वाद्य सेवक. हा नियम आम्हांस पत्रकानें सांगितला, पण त्याआधीं तो त्या आजींनीं शिकविला होता.

आतां प्रत्यक्ष शिकवणीकडे वळूं. पियानोच्या मध्यावर जो दो आहे त्याच्या एक सप्तक खालचा दो डाव्या हाताच्या करंगळीखालीं घ्या. तेथून वर पांढऱ्या पट्ट्यांवर दो, रे, मी, फा, सोल, ला, सी हे स्वर येतात. पेटी शिकलेल्यांनीं त्यांसच सा, रे, ग, म, प, ध, नी म्हणावें. एक पट्टी दाबावी, एक सोडावी, पुन्हां एक दाबावी, एक सोडावी आणि पुढची दाबावी. दो-मी-सोल हे तीन स्वर एकत्र उमटतात. हा पहिला स्वरसंघ. वादकमंडळी यास कॉर्ड म्हणतात. करंगळी दो वर, मधलें बोट मी वर, अंगठा सोल वर. याच रीतीनें फा-ला-दो हा दुसरा, आणि सोल-सी-रे हा तिसरा. या तिन्ही संघांत मिळून सातही स्वर येऊन जातात. म्हणून साध्या चालीचा कोणताही शुद्ध स्वर यांपैकीं एकांत तरी सांपडतोच. आपल्या पुष्कळशा गीतांस एवढें भांडवल पुरतें.

या तिहींचा स्वभाव ओळखावा. पहिला संघ म्हणजे घर. दुसरा म्हणजे अंगण; तेथें माणूस घराबाहेर असतो पण परका नसतो. तिसरा म्हणजे गांवची वेस. वेशीवर उभ्या राहिलेल्या माणसास घराची ओढ लागते, तशी या संघास पहिल्याकडे परतण्याची ओढ असते. कारण त्यांतला सी हा दो च्या अगदीं लगत असून त्याच्याकडे झुकतो. गीताचें शेवटचें अक्षर बहुधा घरीं पडतें, आणि त्याच्या आधींचें वेशीवर. एवढें कानांत भरलें म्हणजे कोणता संघ केव्हां घ्यावा हें कागदावांचूनही कळूं लागतें.

नवशिक्याची पहिली चूक अशी कीं, प्रत्येक संघासाठीं तो सबंध हात उचलून दुसरीकडे नेतो. तसें करूं नये. दो-मी-सोल वरून अंगणांत जातांना करंगळी दो वरच ठेवावी. तर्जनी फा वर आणि अंगठा ला वर न्यावा. दो-फा-ला, हाच दुसरा संघ, फक्त क्रम बदललेला. घरून वेशीवर जातांना अंगठा सोल वरच ठेवावा. करंगळी एक पट्टी खालीं सी वर आणि तर्जनी फा वर न्यावी. सी-फा-सोल. यांत रे गाळून फा घेतला आहे. त्यानें परतीची ओढ आणखी वाढते. प्रत्येक फेरफारांत एक बोट आपल्या जागीं राहतें, आणि बाकीचीं दोन शेजारच्या पट्टीपलीकडे जात नाहींत. शहाणी गृहिणी चुलीपाशीं बसून सर्व भांडीं हाताच्या अंतरावर ठेवते. हा तोच व्यवहार आहे.

स्वरसंघ आले, आतां ते वाजवावयाचे कसे? येथें पियानोचा एक स्वभाव लक्षांत घेतला पाहिजे. पेटीचा स्वर भाता चालेल तोंवर टिकतो. पियानोंत लोकरीनें मढविलेली हातोडी तारेवर आपटते, आणि स्वर उमटतो त्याच क्षणापासून मावळूं लागतो. इटलींतील फ्लॉरेन्स येथें बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनीं १७०० च्या सुमारास हें वाद्य सिद्ध केलें, तेव्हांपासून त्याचा हा धर्म कायम आहे. म्हणून पेटीवर संघ नुसता धरून ठेवला तरी चालतें. पियानोवर तो पुन्हां पुन्हां जागवावा लागतो. डाव्या हाताचे जे निरनिराळे प्रकार आहेत ते सर्व या जागविण्याचेच प्रकार होत. त्यांपैकीं सहा सांगतों.

पहिला प्रकार सर्वांत सोपा. प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेस संघाचा मूळ स्वर एकटाच वाजवावा. घरीं दो, अंगणांत फा, वेशीवर सोल. बस्स. हें फारच थोडें आहे असें मुलांस वाटतें. पण भरल्या देवळास सुरांत आणि लयींत ठेवण्यास हें एक बोट पुरतें, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. त्याच्या जोडीस पांचवा स्वर घेतला, म्हणजे दो बरोबर सोल, तर तंबोऱ्याच्या षड्ज-पंचमाची आठवण होते.

दुसरा प्रकार म्हणजे तिन्ही स्वर एकदम दाबून आवर्तन संपेपर्यंत धरणें. संथ गीतास हा साजतो. तिन्ही बोटें एकाच क्षणीं पडलीं पाहिजेत. एक आधीं आणि दोन मागाहून पडलीं तर शब्दांचे उच्चार लडबडतात.

तिसरा प्रकार तीन मात्रांच्या गीतासाठीं. पहिल्या मात्रेस मूळ स्वर खालीं एकटा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मात्रांस संघाचे उरलेले दोन स्वर हलके. एक जड, दोन हलके. येथें बहुतेकांच्या हातून उलटें होतें. अंगठ्यांत जोर अधिक असल्यामुळें हलक्या मात्राच मोठ्या होतात आणि गीत उड्या मारूं लागतें. करंगळीस थोडा भार द्यावा, अंगठ्यास आवरावें.

चौथा प्रकार चार मात्रांचा. पहिलीस दो, दुसरीस वरचे मी-सोल, तिसरीस खालचा सोल, चौथीस पुन्हां वरचे मी-सोल. खालचा स्वर असा आळीपाळीनें बदलत राहिला म्हणजे गाण्यास चालण्याची लय येते. मिरवणुकीच्या गीतांस आणि नाताळच्या आनंदगीतांस हा उत्तम.

पांचव्या प्रकारास एका गृहस्थाचें नांव पडलें आहे. व्हेनिसचे डोमेनिको आल्बेर्ति हे १७४६ सालीं रोम येथें निवर्तले. त्यांनीं हा प्रकार आपल्या रचनांत इतका योजिला कीं तो त्यांच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. संघाचे तीन स्वर एकदम न वाजवितां खालचा, वरचा, मधला, वरचा असे सुटे वाजवावयाचे: दो-सोल-मी-सोल. बोटें करंगळी, अंगठा, मधलें, अंगठा. मोझार्ट यांनीं २६ जून १७८८ रोजीं आपल्या वहींत नोंदलेला, खास नवशिक्यांसाठीं लिहिलेला दो सप्तकाचा सोनाटा याच प्रकारानें सुरू होतो. कोशेल यांच्या सूचींत त्याचा क्रमांक ५४५. त्यांत डावा हात पहिल्या आवर्तनास घरीं राहतो, दुसऱ्याच्या पूर्वार्धांत वेशीपर्यंत जाऊन येतो, आणि अंगठा सबंध वेळ सोल वरच टेकलेला असतो. मघां सांगितलेला बोट जागीं ठेवण्याचा नियम थोर रचनाकारही पाळतात, हें मुलांनीं ध्यानांत घ्यावें.

सहावा प्रकार विस्ताराचा. करंगळीनें दो, तर्जनीनें सोल, अंगठ्यानें वरचा दो. मग त्याच वाटेनें खालीं. हात मोठा पसरतो, म्हणून लहान मुलांस घाईनें शिकवूं नये. गिटार वाजविणारा आधीं जाड तार छेडतो आणि मग बारीक तारांकडे जातो, त्याचीच ही प्रतिकृति. आपण नाताळच्या रात्रीं जें शांत रात्रीचें गीत गातों, तें २४ डिसेंबर १८१८ रोजीं ऑस्ट्रियांतील ओबर्नडोर्फ गांवच्या देवळांत प्रथम गायिलें गेलें तें गिटारच्याच साथीवर. शब्द धर्मगुरु योजेफ मोर यांचे, चाल शाळामास्तर फ्रान्झ ग्रूबर यांची. त्या दिवशीं ऑर्गन उंदरांनीं कुरतडला होता वगैरे जी कथा सांगतात ती मागाहूनची. गिटारची गोष्ट मात्र खरी. सहा-सहा मात्रांचीं बारा आवर्तनें धरलीं तर त्यास लागणारे संघ असे: पहिलीं दोन घरीं, तिसरें वेशीवर, चौथें घरीं, पांचवें अंगणांत, सहावें घरीं, सातवें अंगणांत, आठवें घरीं, नववें वेशीवर, दहावें घरीं, अकराव्याचा पूर्वार्ध घरीं, उत्तरार्ध वेशीवर, बारावें घरीं. जगभर गायिल्या जाणाऱ्या गीतास तीन संघ पुरले. आज घरीं गेल्यावर हें करून पाहावें.

हे प्रकार हातीं आले म्हणजे चार पथ्यें सांभाळावीं. पहिलें असें कीं, फार खालच्या सप्तकांत तीन स्वर जवळजवळ वाजवूं नयेत. तेथें ते गुरगुरतात. तेथें एकटा स्वर किंवा त्याचें सप्तक घ्यावें. संघ मध्याच्या जवळ ठेवावा. दुसरें, उजव्या पायाखालील पेडल दाबला असतां स्वर एकमेकांत मिसळतात; म्हणून संघ बदलतांच पाय उचलून पुन्हां दाबावा, नाहीं तर पाटी न पुसतां तीवर दुसरी बेरीज मांडल्यासारखें होतें. तिसरें आपल्या लोकांसाठीं विशेष महत्त्वाचें. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ओंवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून आपल्या भक्तीस देशी चालींची संवय आहे. कोमल रे आणि कोमल ध लागणाऱ्या चालींस हे तीन संघ घालूं नयेत. ते तिचा जीव घेतात. तेथें षड्ज-पंचम धरून डाव्या हातानें स्वस्थ बसावें. स्वस्थ बसणें हीही एक साथच आहे. चौथें पथ्य आमच्या त्या आजींचें: वाजवितांना लोकांचा आवाज ऐकूं येईनासा झाला तर डावा हात मोठा झाला आहे, असें समजावें.

अभ्यास कसा करावा असें पालक विचारतात. रोज पंधरा मिनिटें पुरेत, पण रोज. आधीं डावा हात एकटा, आणि तोंडानें मात्रा मोजाव्या. मग डावा हात वाजवीत असतां गाण्याची चाल गळ्यानें गुणगुणावी. हें येईपर्यंत उजवा हात पट्ट्यांवर ठेवूंच नये. देवळांत अखेर हेंच करावयाचें असतें. उजव्या हाताच्या जागीं तेथें सारा समुदाय असतो. डावा हात चालू असतां शेजाऱ्यास नांव विचारल्यास न थांबतां उत्तर देतां आलें, म्हणजे तो हात तयार झाला. मग उजवा जोडावा, अर्ध्या लयींत. शॉपॅं यांच्या शिष्यांनीं नमूद केलें आहे कीं, ते डाव्या हातास गायकवृंदाच्या नायकाची उपमा देत. नायकानें लय सोडावयाची नाहीं, मग उजव्यानें किंचित् मागें-पुढें केलें तरी चालेल. हात दुबळा आहे अशी सबब कोणीं सांगूं नये. पॉल विट्गेन्श्टाइन या वादकाचा उजवा हात पहिल्या महायुद्धांत गेला; त्यांच्यासाठीं मोरिस राव्हेल यांनीं एकट्या डाव्या हाताचा कॉन्चेर्टो लिहिला, आणि तो १९३२ सालीं व्हिएन्ना येथें त्यांनीं वाजविला. आपणांस तर तीन संघच वाजवावयाचे आहेत.

आतां ज्यासाठीं हें सर्व बोललों तें सांगतों. आजच्या विजेच्या कीबोर्डावर अशी सोय असते कीं, एका बोटानें एक पट्टी दाबली म्हणजे बाकीची साथ, तालासकट, यंत्र आपण होऊन देतें. आम्ही यंत्राचे वैरी नव्हों. त्यानें पुष्कळ गरीब धर्मग्रामांची अडचण भागविली आहे. परंतु यंत्र लोकांकडे कान देत नाहीं. आजीबाई श्वास घ्यावयास थांबल्या तर तें थांबत नाहीं. आणि कांहीं वर्षांपूर्वीं नाताळच्या मध्यरात्रीं वीज गेली तेव्हां तें मुकें झालें, हें आपणां सर्वांस आठवत असेल. मेणबत्त्यांच्या उजेडांत कोणी जुनी पायपेटी उघडली. आमचा एक गुणी मुलगा तीवर बसला. उजव्या हातानें त्यानें चाल बिनचूक वाजविली. डावा कोठें ठेवावा हें त्यास कळेना. लोक गायिले, पण प्रत्येक कडव्यास लय ढिली होत गेली, आणि शेवटचें कडवें कसेंबसें पार पडलें. आम्ही त्या रात्रीं तापानें घरीं होतों. दुसऱ्या दिवशीं तो मुलगा आमच्या दारीं आला आणि म्हणाला, “काका, मला डावा हात शिकवाल का?”

त्या प्रश्नानें आम्हांस संतोष झाला, आणि लाजही वाटली. इतकीं वर्षें आम्हीं वाजविलें. पण मागें कोण वाजवील याचा विचार केला नाहीं. आपल्या हातचा मळ म्हणून जें आपण रोज करतों, तें दुसऱ्यास द्यावयाचें असतें हें आम्ही विसरलों. तेव्हांपासून तो मुलगा शनिवारीं येतो. पुढें त्याची बहीण येऊं लागली, मग शेजारचीं दोघें. आज चौघें आहेत. आमच्या डाव्या हाताचीं दोन बोटें आतां सकाळीं उघडत नाहींत, हें सांगण्यास संकोच वाटतो. पण महोत्सवाच्या दिवशीं खरें सांगावें. आमच्यापाशीं जें आहे तें देण्यास फार वर्षें उरलीं आहेत असें नाहीं.

म्हणून दोन विनंत्या करतों. शाळेच्या दिवाणखान्यांतील उभा पियानो आपल्या वाडवडिलांनीं वर्गणी करून घेतलेला आहे. समुद्रकांठच्या दमट हवेनें त्याच्या पट्ट्या फुगतात आणि तारांस गंज चढतो; तो खिडकीपासून दूर, आंतल्या भिंतीस लावावा, आणि वर्षांतून दोन वेळां तरी जाणत्याकडून सुरांत लावून घ्यावा. महोत्सवाच्या शिलकेंतून एवढें व्हावें. दुसरी विनंति पालकांस. आपलें एक मूल शनिवारीं संध्याकाळीं आमच्याकडे पाठवा. तें मोठें वादक होईल असें वचन आम्ही देत नाहीं. वर्षभरांत तें तीन संघ आणि सहा प्रकार शिकेल, आणि वीज असो वा नसो, आपल्या लोकांस सुरांत ठेवील, एवढें मात्र सांगतों.

पुढच्या महोत्सवास आम्ही नसूं. परंतु त्या दिवशीं मागच्या बाकावरून एखाद्या आजीचा सूर उठला, आणि बाकावर बसलेल्या कोणा मुलानें तो ऐकून आपला डावा हात हलका केला, तर हा धर्मग्राम गात आहे असें समजावें.  परमेश्वर आपणां सर्वांचें कल्याण करो.